सव्वादोन कोटींच्या अलीकडे

तुझी ती एक्सेलची शीट काल जेवणं आवरल्यावर निवांत बघितली. आजचे १८ लाख, महिन्याची ६५ हजारांची एसआयपी, परतावा १२ टक्के, महागाई ६ टक्के, आणि बेचाळिसाव्या वाढदिवसाच्या रकान्यात हिरव्या रंगात 'नोकरी बंद'. खरं सांगू, आधी कौतुकच वाटलं. तुझ्या ऑफिसातल्या पोरी फोनसुद्धा हप्त्यावर घेतात. तू मात्र १ लाख ५ हजारांतले ४० हजार खर्चतेस आणि उरलेले बाजूला टाकतेस, तेही पुण्यात, बाणेरला राहून. आपल्या घरात एवढी शिस्त फक्त आजीला होती, आणि तिच्याकडे बाजूला टाकायला काही नव्हतं.

मी पडले बँकेतली बाई, म्हणून पहिल्यांदा आकडे पडताळून बघितले. जुळतात. अकरा वर्षांत तुझे २ कोटी ४० लाखांच्या आसपास होतात. आजचे ४० हजार तोवर ७६ हजार झालेले असतील, म्हणजे वर्षाला ९ लाख ११ हजार. त्याच्या पंचवीस पट २ कोटी २८ लाख. तेवढे जमले की सुटलीस. बेरीज-गुणाकारात खोट नाही. खोट त्या पंचवीस पटीत आहे.

तो आकडा कुठून आला, ठाऊक आहे का? विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकेतल्या एका सल्लागाराने १९९४ मध्ये तो हिशेब मांडला. १९२६ पासूनचे तिथले शेअर आणि सरकारी रोखे घेतले आणि बघितलं, की निवृत्त माणसाने पहिल्या वर्षी पुंजीचे ४ टक्के काढले आणि मग दर वर्षी महागाईइतके वाढवत नेले, तर पैसे तीस वर्षं पुरतात का. पुरतात. पण तीस वर्षं, म्हणजे पासष्टचा माणूस पंचाण्णवचा होईपर्यंत. तू बेचाळिसाव्या वर्षी थांबणार, आणि आपल्या घरातल्या बायका नव्वदीशिवाय हलत नाहीत. अठ्ठेचाळीस वर्षांचा प्रश्न आहे तुझा. शिवाय देश वेगळा, महागाई वेगळी, दवाखान्याचं बिल तर कुठल्याच शीटचं ऐकत नाही. मला विचारशील तर इथे पस्तीस ते चाळीस पट धरावी. म्हणजे ३ कोटी १९ लाख ते ३ कोटी ६४ लाख.

आणि ते १२ टक्के दर वर्षी शिस्तीत येत नाहीत, हेही लक्षात घे. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर होता, ऑक्टोबरात ८ हजारांच्या खाली जाऊन आला. नोकरी चालू असताना असं वर्ष आलं तर एसआयपीवाल्याचं भलंच होतं, स्वस्तात युनिट मिळतात. पण नोकरी सोडल्यावर पहिल्याच वर्षी आलं, आणि घर चालवायला त्याच पडलेल्या भावात युनिट विकावी लागली, तर ती पुंजी पुन्हा उभी राहत नाही.

आता घाबरून एसआयपी ८० हजारांची करू नकोस हं. मला ओळखतेस ना, मी उलटंच सांगणार आहे.

तुझ्याकडे आज १८ लाख आहेत. महिना ४० हजारांनी ते जवळजवळ पावणेचार वर्षं जातील. नोकरी आज गेली तरी पावणेचार वर्षं कुणापुढे हात पसरायला नको. मग गेल्या महिन्यात त्या मॅनेजरने रात्री साडेअकराचा कॉल लावला, तेव्हा 'सकाळी घेऊ' का नाही म्हणालीस? शनिवारी सुटी मागायला तुला दोन दिवस शब्द जुळवावे लागले, आईला सांगत होतीस. एवढी मोकळीक खात्यात पडून आहे आणि तू वागतेस उद्याच्या भाड्याची भ्रांत असल्यागत. या प्रवासात माणसाला सगळ्यात जास्त मोकळं करतात ते पहिले सहा महिन्यांचे, वर्षाचे पैसे. पुढचे कोटी त्या मानाने फार थोडं देतात. ते पहिले पैसे तू कधीच कमावलेस, पण वापरलेच नाहीस.

वापरायचे म्हणजे उधळायचे नव्हेत. मला स्केल दोनचं प्रमोशन आलं होतं, आठवतं? त्यासोबत बदली, कुठे ते देवाला ठाऊक. बाबांचं ऑपरेशन झालेलं, पोरगी नववीत. घराचं कर्ज फिटलेलं होतं, गाठीला वर्षभराचा खर्च होता, म्हणून मी 'नको' लिहून दिलं. शाखेत सगळ्यांनी वेड्यात काढलं. पगार कमी वाढला, हे खरंच. पण संध्याकाळी सहाला मी घरी असते, आणि साताऱ्यात सहाला घरी असणं काय असतं, ते तुला हिंजवडीच्या चौकात गाडी बंद करून बसल्यावर कळत असेल.

तुमच्या या लवकर निवृत्तीच्या 'फायर' पंथाचं मूळ पुस्तक १९९२ चं, विकी रॉबिन आणि जो डोमिंगेझ यांचं 'युअर मनी ऑर युअर लाइफ'. तू त्याचा सारांश वाचलायस, पुस्तक वाच. त्यात खऱ्या ताशी कमाईचा हिशेब आहे, तोच तू गाळलास. चल, करूया. महिन्याचे २२ दिवस, रोज ९ तास, १९८ तास. १ लाख ५ हजारांना भागलं की ५३० रुपये तास. छान वाटतं. आता जाण्यायेण्याचे रोजचे दोन तास धर, ४४. रात्रीचे कॉल, धर २०. झाले २६२ तास. आणि निव्वळ नोकरीपायी होणारा खर्च वजा कर: कॅब, बाहेरचं जेवण, शनिवारी डोकं दुखतंय म्हणून मागवलेलं काहीबाही. १२ हजार तरी? मग तास पडतो ३५५ ला. आता मला सांग, त्या क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांपायी तू रविवारची अख्खी दुपार घालवलीस, ते दोनशे रुपये तुला कितीला पडले?

दुसरीकडे मामाच्या मुलीच्या हळदीला आली नाहीस. 'खर्च होतो गं ताई.' अगं, स्वारगेटहून साताऱ्याला एसटीत आपल्याला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे! सरकार अर्धे भरायला तयार आहे आणि आमची बाई उरलेल्या अर्ध्याची एसआयपी करते. मामी चारदा विचारत होती. कामाचं नाव सांगून मी वेळ मारून नेली, दर वेळी नेणार नाही.

आणि गाणं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, ऐकून घे.

तू म्हणालीस, महिन्याची अडीच हजार फी अकरा वर्षं १२ टक्क्यांनी टाकली तर पावणेसात लाख होतात, म्हणून क्लास बंद केला. हिशेब बरोबर आहे, मी करून बघितला, ६ लाख ८० हजार होतात. आणि शीटच्या शेवटी, निवृत्तीनंतरच्या रकान्यात लिहिलंयस 'गाणं'. कुठलं गाणं, बाई? गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा पूर्ण झालेली, विशारद दारात उभी, आणि तू अकरा वर्षं तानपुऱ्याला खोळ घालून ठेवणार. बेचाळिसाव्या वर्षी खोळ काढशील तेव्हा गळा कुठल्या पट्टीत असेल? तुझ्या गाण्याच्या बाई तोवर शिकवत असतील का? सदाशिव पेठेतल्या क्लासचा जिना त्यांना आत्ताच चढवत नाही. पैसा थांबून वाढतो. गळा थांबला की बसतो.

बरं, भावना सोड, तुझ्याच भाषेत बोलते. समज, तू विशारद केलंस, आणि चाळिशीत घरी आठवड्यातून तीन दिवस मुली शिकवायला घेतल्यास. महिन्याला वीस हजार सुटले. वर्षाचे २ लाख ४० हजार. तुझ्या पंचवीस पटीच्या हिशेबात एवढं उत्पन्न काढायला ६० लाख लागतात, माझ्या पस्तीस पटीत ८४ लाख. ते जमवण्याऐवजी तू ते गात कमावतेस. म्हणजे अडीच हजारांची फी बंद करून तू पावणेसात लाख वाचवलेस आणि ६० लाख घालवलेस. घाल हे शीटमध्ये. रकाना सापडत नसेल तर नवा कर.

जे निवृत्त होऊन करायचंय, त्यातलं थोडं या गुरुवारपासून कर. पूर्ण वेळ मिळाल्यावर करू म्हणणारे आमच्या शाखेतले किती जण मी निवृत्त होताना बघितलेत! निरोपसमारंभात बासरी शिकणार म्हणतात आणि तीन महिन्यांनी आमच्याच काउंटरपाशी बसून पेपर वाचतात. त्यांच्याकडे वेळ असतो, पेन्शन असते, आवड तेवढी शिल्लक नसते.

आता जे मला खरं सांगायचंय ते. आई शेजारी असताना फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय.

मध्यंतरी काउंटरवर एक बाई आल्या. वय माझ्याएवढंच, घरी सहा म्हशी, दुधाचं बिल दर दहा दिवसांनी खात्यावर जमा. पासबुक भरून घ्यायला दीड तास एसटीने यायच्या. मी म्हटलं, मोबाइलवर मेसेज येत नाही का? तर खात्याला नंबर मुलाचा. पैसे आले की मेसेज त्याला, पैसे हलवायचे तर ओटीपी त्याला. बाईंनी काचेच्या फटीपाशी तोंड आणलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, नंबर बदलता येतो का?" मी फॉर्म पुढे केला. त्यांनी कमरेच्या बटव्यातून घडी घातलेला कागद काढला, त्यावर नव्या सिमचा नंबर. सिम कधीचंच घेऊन ठेवलं होतं. मला सांगावंच लागलं, की बदल झाला की जुन्या नंबरवरही मेसेज जातो. बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "जाऊ दे. कळू दे." आणि सही केली, चांगली ठसठशीत.

आपल्याच जिल्ह्यात म्हसवडला चेतना गाला सिन्हा आणि तिथल्या बायकांनी माणदेशी महिला बँक काढली, १९९७ मध्ये. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवला, कारण अर्जावर बायांचे अंगठे. बाया लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि परवाना घेऊन आल्या. त्यांतल्या कुणाला काम सोडायचं नव्हतं. आपले पैसे आपल्या हाताने ठेवायचे आणि काढायचे, एवढंच हवं होतं. तू ते 'फायर, फायर' म्हणतेस तेव्हा मला म्हसवडच आठवतं.

आता तू सांग. एवढी शिकलेली, एवढी कमावती. म्युच्युअल फंडाचं ॲप कुणी चालू करून दिलं? तुझ्या होणाऱ्या नवऱ्याने. ईमेल आयडी कुणाचा? त्याचाच, 'सोयीचं पडतं' म्हणून. शीट कुठे आहे? त्याच्या लॅपटॉपवर. लग्नानंतर दोघांचा मिळून एकच पोर्टफोलिओ, 'मी बघतो, तू टेन्शन घेऊ नकोस.' मुलगा चांगला आहे, मला आवडतो, उगाच वाकडं धरू नकोस. पण त्या म्हशीवाल्या बाईंचा मुलगाही काही वाईट नव्हता गं. आधी हे कर: ईमेल, मोबाइल, नॉमिनी, सगळं तुझ्या नावाने आणि तुझ्या फोनवर. एकत्र काय ठेवायचं ते दोघांनी मिळून ठरवा, पण एक खातं असं असू दे, ज्याचा हिशेब तू कुणालाही द्यायचा नाहीस. माझं आहे. तुझ्या दाजींना ते आहे हे माहीत आहे, किती आहे ते माहीत नाही. वीस वर्षांत त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, आणि संसार बरा चाललाय. आईला मात्र सांगू नकोस, तिला ते खपायचं नाही.

नॉमिनीवरून आठवलं. बँकेत आता एका खात्याला चार नॉमिनी नेमता येतात, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे घेऊन वारसांच्या हाती द्यायचा माणूस. वारस कोण, ते मृत्युपत्र ठरवतं, आणि मृत्युपत्र नसेल तर कायदा. आणि आपला कायदा बायकांच्या बाबतीत काय म्हणतो ते ऐक, कारण हे मला बँकेत लागेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. हिंदू वारसा कायद्याचं कलम १५. लग्न झालेली बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिचं स्वतः कमावलेलं आधी नवरा आणि मुलांना. नवरा आधीच गेलेला आणि मूल नाही, तर ते जातं नवऱ्याच्या वारसांना. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्या नंतर. माहेरून वारशाने आलेलं असेल तेवढंच माहेरी परततं.

२००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात असंच एक प्रकरण होतं. लग्नानंतर तीनच महिन्यांत नवरा साप चावून गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. ती माहेरी शिकली, नोकरीला लागली, ठेवी केल्या, पीएफ साठला. मृत्युपत्र न करता गेली. आणि ते सगळं गेलं सासरकडच्या वारसांना, ज्यांनी तिला एकदा दारातही उभं केलं नव्हतं. न्यायालयाला वाईट वाटलं नसेल असं नाही, पण कायदा तसा आहे.

म्हणून, एकतिसाव्या वर्षी अभद्र बोलते म्हणून रागावू नकोस, पण लग्न झालं की मृत्युपत्र लिही. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करायची, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करायचं नाही, बस. आईबाबांना किती, त्याला किती, तुझं तू ठरव. बेचाळिसाव्या वर्षीच्या हिरव्या रकान्यापेक्षा या कागदाची मला जास्त घाई आहे.

फ्लॅटचंही तेच. बाणेरचा तो टू बीएचके बघताय ना? त्यात एक मेख असते, आम्ही कर्जखात्यात रोज बघतो. बँक बायकोचा पगार धरून कर्ज मोठं देते, तिला सहकर्जदार करते. हप्ता दोघांच्या खात्यांतून जातो. आणि खरेदीखत एकट्या नवऱ्याच्या नावाने झालेलं असतं, कारण त्या दिवशी तिला रजा मिळाली नाही. कर्ज फेडायची जबाबदारी पूर्ण, मालकी शून्य. तू रजा टाक. इंडेक्स टूवर तुझं नाव आणि तुझा हिस्सा आहे का, ते डोळ्यांनी बघून ये. एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. ८० लाखांच्या घरावर ८० हजार. दोघांच्या नावाने घेतलं तर ही सूट नाही. त्याला हे सांग आणि तो काय म्हणतो ते मला कळव, मला खरंच उत्सुकता आहे.

आता माहेरचं. बाबा आहेत तोवर हा विषय काढू नये म्हणतात, म्हणून तर मी काढतेय. गावची चार एकर वडिलोपार्जित, आजोबांकडून आलेली. २००५ च्या दुरुस्तीने अशा जमिनीत आपण दोघी आणि दादा सारखेच. महाराष्ट्राने १९९४ लाच मुलींना हक्क दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलं, की हा हक्क मुलीला जन्मापासून आहे. एवढं असून दर लग्नसराईनंतर दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्रांची रांग लागते. बहिणी सही करतात, कारण माहेर तुटेल ही भीती. दिवाळीची साडी आणि चार दिवसांचं माहेरपण यांच्या बदल्यात एकर सोडून देतात. दादा वाईट नाही, वहिनीही नाही, आणि कदाचित मीही उद्या सही करीन, कारण जमीन तोच कसतो आणि आईबाबांना तोच बघतो. पण काय सोडतोय ते समजून, सातबारा बघून, आणि आईबाबांच्या दुखण्याखुपण्याचं बोलणं झाल्यावर. तुझ्यापुढे लग्नाच्या गडबडीत कुणी कागद सरकवला तर 'ताईला दाखवते' म्हण. मला वाईटपणा घ्यायची सवय आहे.

बाकीचं किरकोळ. ऑफिसचा आरोग्यविमा नोकरीबरोबर जातो, म्हणून स्वतःची वेगळी पॉलिसी आत्ताच घे, तब्येत ठणठणीत असताना. पुढे काही आजार निघाला की त्याला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, आणि नोकरी सोडायची तुझी वेळ नेमकी तेव्हाच यायची. पीपीएफमध्ये पैसे पाच तारखेच्या आत भर, नाहीतर त्या महिन्याचं व्याज जातं. आणि त्याच्या काकांची जी पतसंस्था ११ टक्के देतेय म्हणतात, तिथे आपलेपणाने ठेव ठेवायचीच असेल तर बुडाली तरी चालेल एवढीच ठेव. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. काकांना हे सांगू नकोस, लग्नात मला जेवण नीट वाढायचे नाहीत.

आईबाबांसाठी महिन्याला एक रक्कम शीटमध्ये धर, त्यांनी मागायच्या आधी. तुझ्या ४० हजारांत ते कुठेच नाहीत. पुढची पंधरा वर्षं त्यांची गुडघ्यांची, डोळ्यांची, रात्री अपरात्री गाडी काढायची आहेत. तो खर्च आपल्या तिघांत कसा वाटायचा, ते मी दादाशी बोलेन. माझा अंदाज आहे तुझ्या वाट्याला सात-आठ हजार येतील. तेवढ्याने तुझा हिरवा रकाना काही महिने पुढे सरकेल. सरकू दे. एसआयपी ५५ हजार कर, अडीच हजार बाईंच्या फीचे, उरलेले आईबाबांचे. जमलं तर दर दोन महिन्यांनी एसटीचं अर्धं तिकीट.

आणि शनिवारी तो भेटेल तेव्हा त्याच्याशी पैशांबद्दल एकदा मोकळेपणी बोल, हॉटेलात नको, कुठेतरी चालता चालता. कोणाच्या पगारातून घर चालणार, मूल झालं आणि तू वर्षभर घरी बसलीस तर तुझी एसआयपी कोण भरणार, त्याच्या आईवडिलांचं काय, तुझं गाणं चालू राहणार का. सगळ्यात शेवटी विचार, त्याच्यावर आज एकूण कर्ज किती आहे, कार्डाचं धरून. आकडा काहीही असो. तो चिडतो की फोन काढून तुला दाखवतो, ते बघ आणि रात्री मला फोन कर. अकरापर्यंत जागी असते मी.